तगणे आणि तरणे

मराठी भाषेत तगणे आणि तरणे अशी दोन क्रियापदे एकमेकांच्या शेजारी नांदतात. अवर्षणात झाड तगते, दीर्घ दुखण्यातून रोगी तगतो. म्हणजे जीव कसाबसा धरून राहतो. तरणे याचा अर्थ त्याहून मोठा आहे. तरणारा पाण्यातून पैलतीराला पोहोचतो. आणि आपल्या धर्मभाषेत तर तारण या शब्दाने मानवी जीवनाचे अवघे प्रयोजनच व्यक्त होते. या दोन क्रियापदांतील अंतर आपण एरवी फारसे मोजत नाही. परंतु आज जगाच्या चर्चेत एक असा प्रश्न येऊन ठेपला आहे, की तो सोडवू पाहणाऱ्याला हे अंतर मोजल्यावाचून गत्यंतर नाही. मानवजातीचा समूळ उच्छेद होऊ नये म्हणून माणसाने पृथ्वीबाहेर, अन्य ग्रहांवर वसाहती कराव्यात काय, हा तो प्रश्न होय.

हा विषय आता केवळ कादंबरीकारांपुरता राहिलेला नाही. कलुगा या रशियन गावातील शाळाशिक्षक कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली अग्निबाणाच्या साहाय्याने अंतराळात जाता येईल, असे गणिताने दाखविले. तेव्हापासून पृथ्वीबाहेरच्या वस्तीचे स्वप्न विज्ञानाच्या भाषेत बोलले जाऊ लागले. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात याच गोष्टीचा ध्यास घेतला होता. २०१७ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी त्यासाठी शंभर वर्षांची मुदतही बोलून दाखविली. स्पेसएक्स या कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील ग्वादलाहारा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मंगळावर दहा लाख माणसांचे स्वावलंबी नगर वसविण्याची कल्पना मांडली. या साऱ्यांच्या म्हणण्याचा गाभा एकच आहे. सगळे कुटुंब एकाच घरात झोपले असेल आणि रात्री घराला आग लागली, तर वंशाला दिवा उरणार नाही. म्हणून एक भाऊ दुसऱ्या गावी राहिलेला बरा.

थट्टेवारी नेण्याजोगा प्रश्न नव्हे

भाविक मनाला या विचाराची प्रथमदर्शनी थट्टा करावीशी वाटते. 'देवाने दिलेली पृथ्वी सोडून हे चालले कुठे ?' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे उत्तर फार स्वस्त आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दहा किलोमीटरच्या आसपास व्यासाचा एक लघुग्रह आजच्या मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर आदळला आणि पृथ्वीवरील सुमारे तीन-चतुर्थांश जीवजाती नाहीशा झाल्या. जे एकदा घडले ते पुन्हा घडणारच नाही, असे वचन आपणांस निसर्गाने दिलेले नाही. शिवाय सूर्य मंदगतीने अधिकाधिक प्रखर होत आहे. सुमारे एक अब्ज वर्षांनी पृथ्वीवरील महासागर आटून जातील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. पृथ्वी हे आपले घर अनंतकाळचे नाही, ही गोष्ट विज्ञान सांगते आणि धर्मग्रंथही सांगतो.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही आकाशाविषयी वैर नाही. गॅलिलिओच्या प्रकरणाचा डाग आपण नाकारू शकत नाही; तथापि तेवढ्यावरून सारा इतिहास वाचू नये. देवाला एकाहून अधिक विश्वे निर्माण करता येणार नाहीत, हे मत पॅरिसच्या बिशपांनी १२७७ सालीच निषिद्ध ठरविले होते. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला, त्या दिवशी पोप सहावे पॉल कास्तेल गांदोल्फो येथील व्हॅटिकनच्या वेधशाळेत होते आणि त्यांनी दुर्बिणीतून चंद्राचे दर्शन घेतले. चंद्रावर ठेवलेल्या शुभसंदेशांच्या चकतीवर त्यांच्या वतीने आठवे स्तोत्र कोरलेले होते : आकाशाकडे पाहून माणसाच्या क्षुद्रतेचे आणि थोरवीचे एकाच वेळी नवल करणारे ते स्तोत्र. त्याच वेधशाळेच्या संचालकपदी २०२५ साली येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांची नियुक्ती झाली. तेव्हा आकाशाचा अभ्यास हा परक्यांचा उद्योग आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

तत्त्वज्ञांनीही या प्रश्नाचा गांभीर्याने विचार केला आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस तीन स्थिती कल्पिल्या. पहिलीत शांतता आहे. दुसरीत अणुयुद्ध होऊन शंभरांतील नव्व्याण्णव माणसे मरतात. तिसरीत शंभरच्या शंभर मरतात. पहिल्या दोहोंतील अंतर फार मोठे आहे, असे बहुतेकांना वाटेल. पारफिट म्हणतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीतील अंतर त्याहूनही कितीतरी मोठे आहे. कारण तिसऱ्या स्थितीत पुढे जन्माला येऊ शकणाऱ्या असंख्य पिढ्यांचे दार कायमचे मिटते. त्याआधी पाच वर्षे, १९७९ साली, ज्यांच्या मातेचा आउश्वित्झच्या छळछावणीत अंत झाला ते हान्स योनास यांनी असे प्रतिपादिले होते, की जगात मानवजात असावी, हेच माणसाचे पहिले कर्तव्य आहे आणि तिच्या अस्तित्वाचा जुगार खेळण्याचा अधिकार कोणत्याही पिढीला नाही.

या विचाराशी आमचे भांडण नाही. किंबहुना तो आपल्या रक्तातलाच आहे. वसईच्या वाडीत ज्याने बावखल खणले, त्याने ते केवळ आपल्या हयातीसाठी खणले नव्हते. नारळ लावणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचे पाणी आपण पिणार नाही, हे ठाऊक असते. न जन्मलेल्यांविषयी आपले कर्तव्य आहे, एवढे आपण मान्य करून पुढे जाऊ. प्रश्न असा उरतो, की ते कर्तव्य मंगळावर जाऊन पार पडते काय ?

तारू की कोंडवाडा ?

अन्य ग्रहावरील वसाहतीला वारंवार नोहाच्या तारवाची उपमा दिली जाते. ती उपमा तपासून पाहण्यासारखी आहे. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही, आणि जी हवा आहे ती जवळजवळ सगळी कर्बवायूची. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. पृथ्वीला अंतराळातील घातक किरणांपासून वाचविणारे जे चुंबकीय कवच आहे, तसे कवच मंगळाला नाही. फीनिक्स या यानाला २००८ साली तेथील मातीत परक्लोरेट या विषारी क्षारांचा अंश आढळला. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. तिकडे निघण्याची सोयीची वेळ सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदा येते. 'वाचवा' अशी हाक घातली, तर ती पृथ्वीवर पोहोचायलाच अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात.

प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात, हे ऐकून आपल्याला दचकायला होते. पण तेवढा काळ आपल्या परंपरेला अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले, ते ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. जवळजवळ तितकाच प्रवास. फरक प्रवासाच्या शेवटी आहे. त्यांना किनाऱ्यावर गोड पाणी मिळाले, भात मिळाला, आणि ज्यांच्यापाशी भाषा आहे अशी माणसे मिळाली. ती भाषा ते शिकले म्हणून पुढे १६१६ साली क्रिस्तपुराण छापले गेले. इतिहासातील कोणतीही वसाहत, मग ती चांगली असो वा वाईट, हवा आणि पाणी आयते असलेल्या आणि बहुधा आधीच कोणीतरी राहत असलेल्या भूमीवर झाली. मंगळावर यजमान नाही, विहीर नाही आणि श्वासही फुकट नाही.

मग हे सारे माणसाने स्वतः निर्माण करावे, असे म्हटले जाते. त्याचा एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सुमारे तीन एकरांची एक हवाबंद काचेची वास्तू उभारून तिला 'बायोस्फीअर टू' असे नाव देण्यात आले. सप्टेंबर १९९१ मध्ये चार पुरुष आणि चार स्त्रिया तीत शिरली आणि दोन वर्षे आत राहिली. आत शेत होते, लहानसे अरण्य होते, समुद्रही होता. तरी प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घसरले आणि शेवटी तो बाहेरून पुरवावा लागला. मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू खात होते आणि त्यांनी सोडलेला कर्बवायू नव्या काँक्रीटमध्ये मुरत होता. हे आधी कोणाच्या पुरते ध्यानात आले नव्हते. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या व झुरळे माजली. आणि निवडून घेतलेल्या त्या आठ माणसांत चार-चारांचे दोन तट पडले. पृथ्वीवरच, दाराबाहेर मदतीला माणसे उभी असताना जे साधले नाही, ते मंगळावर सहज साधेल असे समजणे धाडसाचे आहे. कधीच साधणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुष्कळ पिढ्यांपर्यंत अशी वसाहत यंत्रांच्या सुट्या भागांसाठी, औषधांसाठी, बियाण्यांसाठी पृथ्वीवर अवलंबून राहील. पृथ्वी बुडाली, तर तीही बुडेल.

लघुग्रहाच्या त्या भीषण आघातानंतरची पृथ्वी आठवून पाहा. आकाश काजळलेले, वने जळलेली. तरीही त्या पृथ्वीवर हवा होती, पाणी होते आणि बिळात दडलेले लहान सस्तन प्राणी जगले. आपण त्यांच्याच पुढच्या वंशातले. पृथ्वीचा सर्वांत वाईट दिवसदेखील मंगळाच्या सर्वांत चांगल्या दिवसापेक्षा राहण्यास अधिक योग्य होता.

आता नोहाकडे वळू. त्याच्या कथेतील एक गोष्ट आपण ऐकूनही ऐकत नाही. तारू दुसऱ्या पृथ्वीवर गेले नाही. पाणी ओसरल्यावर ते याच पृथ्वीच्या डोंगरावर टेकले. कबुतराने आणलेले पान याच मातीतले होते. आणि देवाने जो करार केला, तो नोहाशी, त्याच्या वंशजांशी आणि पृथ्वीवरील प्रत्येक जिवाशी केला. तारवाचा हेतू पृथ्वीपासून सुटका करून घेणे हा नव्हता. पृथ्वी पुन्हा नांदावी म्हणून ते बांधले गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकात पृथ्वीला आपल्या सर्वांचे सामाईक घर म्हटले, त्यामागेही हाच जुना करार उभा आहे.

संकट आपल्यासोबतच प्रवास करते

ज्या संकटांच्या भयाने वसाहतीची निकड सांगितली जाते, त्यांचे दोन वर्ग पाडले पाहिजेत. पहिला वर्ग निसर्गाच्या आघातांचा. त्यांवर उपाय नाहीत असे नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने डार्ट नावाचे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविले आणि त्याच्या परिभ्रमणाचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. माणसाने एका खगोलाची वाट बदलल्याचा तो पहिला प्रसंग. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आधीच शोधले गेले आहेत. या मार्गाने कोणी वाचले, तर सगळेच वाचतात. श्रीमंत, दरिद्री, माणूस, मुंगी. निवड करावी लागत नाही.

दुसरा वर्ग माणसाच्या हातून येणाऱ्या संकटांचा : अण्वस्त्रे, जाणूनबुजून पसरविलेले रोग, हवामानाची नासाडी. यांचे मूळ ज्या अंतःकरणात आहे, ते अंतःकरण यानात बसताना उतरवून ठेवता येत नाही. काइनाने हाबेलला मारले, तेव्हा जगात माणसे किती थोडी होती आणि भूमी किती विस्तीर्ण ! जागेच्या टंचाईमुळे ते घडले नाही. शिवाय बंद घुमटात राहणाऱ्या वस्तीत एका माणसाच्या हाती साऱ्यांचा जीव असतो. एक भिंत फोडली की पुरे. ज्या अवगुणामुळे पृथ्वी धोक्यात आहे, तो बरोबर घेऊन अधिक ठिसूळ घरात राहायला जाणे, याला सुरक्षितता म्हणता येणार नाही.

श्वासाचा मालक कोण ?

या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे राहते : तेथे राहणार कोण आणि कोणाच्या सत्तेखाली ? वसाहत या शब्दाचा आपल्या लोकांना अनुभव आहे; आपण त्या शब्दाच्या दुसऱ्या बाजूला उभे होतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातील मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारनाम्याने गेले. करार संपेपर्यंत ते मालकाला बांधलेले असत. तथापि मळ्यावरची हवा तरी मालकाची नव्हती. मंगळावरील कामगाराला श्वासही मालकाच्या यंत्रातून घ्यावा लागेल. काम सोडून जायचे, तर जायला गाव नाही. संप करायचा, तर हवेची कळ दुसऱ्याच्या हाती. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने अंतराळातील कोणत्याही खगोलावर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व सांगता येत नाही, हे खरे. परंतु त्या खगोलावर राबणाऱ्या माणसाचे रक्षण कोणी करावयाचे, याचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही. श्रमिकाच्या प्रतिष्ठेविषयी १८९१ पासून अखंड बोलत आलेल्या ख्रिस्तसभेने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याहून नाजूक प्रश्न बालकांचा आहे. मानववंश टिकवायचा, तर तेथे मुले जन्मली पाहिजेत. ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात गर्भ कसा वाढेल, त्या मुलाची हाडे पृथ्वीचे वजन पेलतील काय, हे आज कोणताही वैद्य सांगू शकत नाही. म्हणजे पहिले काही जीव हे प्रयोगाचे साहित्य ठरणार. १९७८ च्या जानेवारीत अंटार्क्टिकावरील एस्पेरांझा या अर्जेंटिनाच्या तळावर त्या खंडावरील पहिले मूल जन्मले. गरोदर मातेला मुद्दाम तेथे नेण्यात आले होते, कारण त्या जन्मामुळे त्या भूमीवरील राष्ट्राचा हक्क बळकट होईल, असा हिशेब होता. मूल सुखरूप वाढले ही देवाची कृपा. परंतु मूल हे स्वतःसाठी जन्मावे, झेंड्यासाठी नव्हे, हे कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही. वंश टिकविण्यासाठीसुद्धा मुलाला साधन करणे योग्य नव्हे. तो वंश माणसांचा आहे आणि माणूस साधन नसतो, म्हणून तर तो टिकावा असे आपण म्हणतो.

थुंबाचे देऊळ

या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याच देशात, आपल्याच धर्मबांधवांच्या इतिहासात पाहावयास मिळते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जात असल्यामुळे अग्निबाण सोडण्यासाठी ती जागा शास्त्रज्ञांना हवी होती. तेथे संत मेरी मॅग्दालिनचे देऊळ होते आणि भोवताली कोळ्यांची घरे. डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड पेरेरा यांना भेटले. बिशपांनी रविवारच्या मिस्साच्या वेळी हा विषय लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी होकार दिला, अशी हकीकत डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवली आहे. देवळात कार्यालय थाटले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. आज त्या देवळात अंतराळविज्ञानाचे संग्रहालय आहे.

आपले देऊळ देणे म्हणजे काय, हे धर्मग्रामात वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. जेथे बाप्तिस्मा झाला, लग्न लागले, वाडवडिलांसाठी प्रार्थना झाल्या, ती वास्तू त्या लोकांनी दिली. कशासाठी दिली ? आपल्यापैकी काही निवडक लोक उद्या चंद्रावर पळून जातील म्हणून नव्हे. चंद्र आणि ग्रहांच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपणांस नाही, हे विज्ञान सामान्य माणसाच्या अडचणींसाठी वापरावयाचे आहे, अशी साराभाईंची भूमिका होती.

त्या दानाचे फळ मिळाले आहे. १९९९ साली ओरिसाच्या किनाऱ्यावरील महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन हे तीव्र वादळ आले, तेव्हा उपग्रहांनी त्याचा माग काढला, लाखो लोकांना वेळीच हलविले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. परंतु त्या फळाला कीडही लागलेली दिसली. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले, तेव्हा थुंबाच्या आसपासच्या किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार समुद्रात होते. इशारा निघाला, तोपर्यंत त्यांच्या होड्या दूर गेल्या होत्या. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो कोळी मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. ज्यांच्या किनाऱ्यावरून देशाचा पहिला अग्निबाण सुटला, त्यांच्या होडीपर्यंत आकाशातील निरोप वेळेवर पोहोचला नाही.

आम्हांला वाटते, अंतराळाविषयीच्या नीतीचा खरा कस येथे लागतो. आकाशात उपग्रह असणे ही निम्मी गोष्ट. तो पाहतो ते शेवटच्या होडीतल्या माणसाला कळणे ही उरलेली निम्मी. वंश तगावा, असे म्हणणारा माणूस या उरलेल्या निम्म्यासाठी काय करतो, हे पाहावे. जो आज शेजाऱ्याला वादळाची वर्दी देत नाही, तो दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाच्या काळजीने कासावीस झाला आहे, असे त्याने सांगितले, तर त्यावर विश्वास कसा ठेवावा ?

यान रेखाटणारा संत

पारफिट यांचा युक्तिवाद जड आहे. असंख्य अजात पिढ्या एका पारड्यात टाकल्या, तर दुसऱ्या पारड्यात आजचे सगळे दरिद्री घातले तरी ते वरच राहणार, असे वाटते. परंतु येथे तराजूच चुकीचा आहे. माणसाचे मोल संख्येने वाढत जाते, असे मानले की आजचा कोणताही एक माणूस उद्याच्या कोट्यवधींसाठी बळी देण्याजोगा ठरतो. ख्रिस्ती श्रद्धा हा हिशेब मान्य करीत नाही. शंभरांतले एक मेंढरू हरवले, तर मेंढपाळ नव्व्याण्णवांना रानात सोडून त्याच्या शोधार्थ जातो. योनास यांनीदेखील केवळ माणसांची जात उरावी, असे म्हटले नव्हते. खऱ्या अर्थाने मानवी असे जीवन उरावे, असे त्यांचे म्हणणे होते.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे चरित्र आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आउश्वित्झच्या छावणीत १९४१ साली एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी त्यांनी स्वतःहून मरण पत्करले. उपासमारीच्या कोठडीत १४ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. तो कैदी पुढे पन्नासहून अधिक वर्षे जगला आणि १९८२ साली कोल्बे यांना संतपद बहाल झाले, त्या सोहळ्याला तो उपस्थित होता. परंतु या संताविषयीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रोममध्ये विद्यार्थी असताना तरुण कोल्बे यांनी अंतराळात जाणाऱ्या यानाचा आराखडा रेखाटला होता. विज्ञानाची त्यांना ओढ होती आणि आकाशाची भीती नव्हती. म्हणून त्यांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. ग्रहांपर्यंत जाण्याचे स्वप्न आणि शेजाऱ्यासाठी स्वतःचे तगणे सोडून देण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात राहू शकतात. तगणे हेच सर्वोच्च मूल्य असेल, तर कोल्बे यांनी केले तो शुद्ध वेडेपणा होता. आपण त्याला वेडेपणा म्हणत नाही. आपण त्याला पवित्रता म्हणतो. मातीत पडून मरणारा गव्हाचा दाणा ज्याने आपल्यापुढे ठेवला, त्या प्रभूचे आपण शिष्य आहोत.

मग माणसाने अंतराळात जाऊ नये काय ? जावे. घर सोडून दूर जाणे हे पाप नाही. आपल्यातील किती कुटुंबांतील मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत. गेलेला मुलगा घरी पत्र लिहितो, पैसे पाठवितो, आईबापांच्या दुखण्याला धावून येतो, तोवर ते घर विस्तारलेले असते. घर मोडकळीस आणून, म्हाताऱ्यांना त्यात टाकून तो निघून गेला, तर त्याला स्थलांतर म्हणत नाहीत, पळून जाणे म्हणतात. ग्रहांकडे जाणाऱ्या माणसालाही हीच कसोटी लावावी. तो जाताना मागच्यांना अधिक सुरक्षित करून जातो काय ? तेथे राबणाऱ्याला परत येण्याचे स्वातंत्र्य आहे काय ? तेथे जन्मणारे मूल स्वतःसाठी जन्मते काय ? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर आकाशातही देवाचे नाव घेणारे असतील, याची चिंता नको. १९९४ च्या एप्रिलमध्ये एन्डेव्हर यानातील तीन कॅथलिक अंतराळवीरांनी पृथ्वीभोवती फिरत असतानाच पवित्र ख्रिस्तशरीराचा स्वीकार केला होता.

आणि होकार मिळाला नाही, तर ? तर दूरच्या ग्रहावर काही हजार माणसे कदाचित तगतील. परंतु ज्याला आपण मानवजात म्हणतो, ती मागेच राहिलेली असेल. तगण्यासाठी यान पुरते. तरण्यासाठी शेवटच्या होडीतला कोळी किनाऱ्याला लागेपर्यंत कोणीतरी दिवा धरून उभे राहावे लागते. ते काम मंगळाची वाट पाहत नाही.